कासमभाईच्या मोटारीचा एतराज

चहा घ्या आधी, गरम आहे तोवर. मी आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्हाला 'घ्या, घ्या' म्हणायला मला तोंड राहायचं नाही. माणसं गाढवपणा करतात, मान्य. पण भर कचेरीत, हाकिमासमोर, छाती पुढं काढून, अख्ख्या गावाचं नुकसान स्वतःच्या तोंडानं ओरडून ओरडून करून घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय? नसेल, तर बघून घ्या. समोर बसलाय.

काळ जुना. निजामाचं राज्य गेलं, आम्ही हिंदुस्थानात आलो, आणि जरा कुठं बूड टेकतोय तोच सरकारनं राज्यांची नव्यानं वाटणी काढली. भाषेप्रमाणं! वाटणी झाली आणि आमची भाषा पैनगंगेच्या पलीकडं गेली, आम्ही मात्र अलीकडंच राहिलो. सोयरे तिकडं, देव तिकडं, लेकी दिलेली गावं तिकडं; आणि शेत, घर, म्हशी इकडं. कचेरीत आधी उर्दू होती. कागदावरची ती आम्हाला कळायची नाही, पण न कळण्याची सवय झाली होती. आता तिथं तेलुगू आली. म्हणजे न कळण्याची सवय पुन्हा पहिल्यापासून करायची!

आमचं गाव तामसीच्याही पुढं, नदीच्या अंगाला. आदिलाबादहून तामसीपर्यंत सरकारी मोटार यायची. तामसीच्या पुढं रस्ता नव्हता. म्हणजे सरकारच्या मते नव्हता. कासमभाईच्या मते होता.

कासमभाई आदिलाबादचा. त्याची स्वतःची मोटार होती आणि तो स्वतःच ती हाकायचा. मोटार कसली, नाक पुढं आलेला एक पत्र्याचा डबा. दार दोरीनं बांधलेलं. चढावर आली की उतारू खाली उतरून तिला हात लावायचे, आणि वर पोचली की पुन्हा आत बसायचे. कुणी कुरकुर केली तर कासमभाई म्हणायचा, "भाई, तुम मोटर के पैसे दे रहे, बैठने के नहीं." पण ती यायची हो! चिखल असो, ओढा असो, ती आमच्या गावच्या चिंचेखाली येऊन उभी राहायची. बाळंतीण असो, ताप असो, कोर्टाची तारीख असो, लोक मोटारीच्या भरवशावर होते.

आणि सगळ्यात जास्त भरवशावर होती माझी मोठी बहीण, गिरजाबाई.

गिरजाबाईचा नवरा लवकर गेला. ती माहेरी आली ती एक अट घालूनच. "दत्तू, राहीन तुज्या घरी, पन खाईन माह्या हातचं." नदीकाठच्या तुकड्यात तिनं वांगी लावली, मिरची लावली, मेथी, कोथिंबीर. पहाटे टोपल्या भरायच्या, मोटारीच्या टपावर टाकायच्या, आदिलाबादच्या बाजारात बसायचं, संध्याकाळी परत. त्या पैशातून ती घरात तेल-मीठ आणायची आणि माझ्या बायकोच्या हातात द्यायची, ताठ मानेनं. विधवा बहीण भावाच्या घरात अशी ताठ मानेनं वावरते, हे त्या वेळी किती जणांनी पाहिलं असेल? ती मान त्या डबड्या मोटारीवर उभी होती. मोटार गेली की गिरजाबाईला माझ्या भाकरीवर बसावं लागणार होतं. हे ध्यानात ठेवा, म्हणजे मी काय करून ठेवलं ते तुम्हाला कळेल.

आता झालं काय, की आदिलाबाद ते तामसी या रस्त्यावर दोन मोटारी झाल्या. एक सरकारी, एक कासमभाईची. मग काय चढाओढ! आदिलाबादच्या अड्ड्यावर दोन्हीकडचे लोक उतारूंच्या बोचक्यांना धरून ओढायचे. बोचकं एका मोटारीत, मालक दुसरीत, असं तर रोजच व्हायचं. एकदा तर नवरा सरकारीत बसला आणि बायको कासमभाईकडं, आणि दोघंही पोचेपर्यंत खूश होते. कासमभाई भाडं कमी करायचा, पान द्यायचा, म्हाताऱ्यांना हात धरून चढवायचा. सरकारी मोटार रिकामी धावायला लागली.

सरकारला ते कसं खपणार? नवा कायदा निघाला. एका रस्त्यावर एकच मोटार, आणि ती सरकारी. जिल्हाभरचे रस्ते वाटून टाकले. हा इलाका सरकारी मोटारीचा, इथं दुसऱ्या कुणी चाक फिरवायचं नाही. एका परीनं बरोबरच म्हणा. चढाओढीत कुणीतरी एक दिवस ओढ्यात गेलाच असता. पण आमच्या गावची गोष्ट निराळी होती. इलाका आखताना साहेबानं रेघ ओढली ती थेट नदीपर्यंत! म्हणजे आमचं गाव सरकारी इलाक्यात. मग सरकारी मोटार गावात येणार का?

"रस्ता झाल्यावर येईन म्हनते," पटेलांनी चावडीवर वाचून सांगितलं. पटेल म्हणजे आमच्या गावचे वतनदार पाटील, कागद वाचायचं काम त्यांच्याकडं.

"अन् रस्ता कधी होनार?"

"ते इथं नाई लेयलं."

"अन् तोवर कासमभाई?"

"त्यानं यायचं नाई."

म्हणजे कळलं का? सरकारची मोटार येणार नाही, आणि दुसऱ्याची येऊ देणार नाही. इलाका मात्र राखलेला.

तरी एक वाट होती. सरकारनं म्हटलं होतं, कुणाचा एतराज असेल, म्हणजे हरकत असेल, तर आदिलाबादला पेशी, म्हणजे सुनावणी आहे, तिथं येऊन सांगा. कासमभाईनं स्वतःचा एतराज दिला होता, पण त्याचं कोण ऐकणार? तो पडला मोटारीचा मालक, त्याचा पोटाचा प्रश्न. कचेरीतल्या पेशकारानं, म्हणजे हाकिमासमोर कामं मांडणाऱ्या कारकुनानं, त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "मियाँ, उतारूंना आणा. त्यांनी एतराज सांगितला तर तामसीच्या पुढचा तुकडा साहेब तुमच्याकडं ठेवील."

झालं! सगळा डाव उतारूंच्या तोंडावर आला. आणि उतारूंचं तोंड कोण? तर मी!

का मी? कारण मला तेलुगू येतं अशी माझी गावात ख्याती होती. ही ख्याती कुणी पसरवली? मीच. गिरजाबाईबरोबर बाजारात जाऊन जाऊन मला 'वंकाया' म्हणजे वांगी, 'एंता' म्हणजे केवढ्याला, 'लेदु' म्हणजे नाही, 'असलु लेदु' म्हणजे अजिबात नाही, 'चाला' म्हणजे पुष्कळ, 'तीस्कोंडि' म्हणजे घ्या, एवढं येत होतं. एवढ्यावर माणूस भाजी विकू शकतो. पण त्यापुढं एक माझा लाडका शोध होता. तेलुगूतले मोठमोठे शब्द आपलेच असतात! संस्कृत! नुसतं शेवटी 'म्' लावायचं. ग्रामम्, धनम्, दिनम्. बारीक शब्दांशी आपल्याला काय करायचंय? मोठे शब्द धरायचे आणि पुढं जायचं.

"दत्तूले येते तेलगू," पटेल म्हणाले. "तो बोलन आपल्या बाजूनं."

गिरजाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "खरंच येते का रे तुले? भाजी नाई इकाची तिथं."

"बाई, तू काऊन भेतं? मी हाओ ना!"

"नाई, माह्या पोटाचं हाय म्हून इचारलं."

मी छातीवर हात मारला. तो हात तिथंच का नाही राहिला, असं मला पुढं फार वाटलं.

पेशीच्या दिवशी कासमभाईनं मोटार फुकट आणली. गावची बरीच माणसं भरली. गिरजाबाईनं वांग्याची एक टोपली बरोबर घेतली. तिचं म्हणणं, "साहेबाले दाखवू. पाहू दे त्याले, मोटारीनं काय जाते ते." कचेरीत मोटारमालकांना आत घेईनात, म्हणून कासमभाई बाहेर व्हरांड्यात थांबला आणि आम्ही आत.

हाकीम नवा होता, समुद्राकडच्या कुठल्याशा जिल्ह्यातून बदलून आलेला. पांढरा सदरा, जाड चष्मा, हळू आवाज. माणूस वाईट नव्हता हो, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर सगळं त्याच्या डोक्यावर घालून मी मोकळा झालो असतो. एका बाजूला सरकारी मोटार खात्याचा माणूस बसला होता आणि खाली टेबलाशी तो पेशकार.

पेशकारानं माझं नाव पुकारलं आणि उर्दूत विचारलं, "साब पूछ रहे, तर्जुमा होना क्या? मैं समझा देतूं."

देव माणसाला एक संधी देतो. ती ही. तर्जुमा म्हणजे भाषांतर! तो भला माणूस आपणहून सगळं उर्दूत समजावून सांगायला तयार होता, आणि बोलण्यातली उर्दू-हिंदी तर मला येत होतीच. पण मागं अख्खं गाव उभं. पटेल बघतायत.

"नक्को," मी म्हणालो. "मेरेकू तेलगू आता."

हाकिमाचा चेहरा खुलला. बिचारा, या मराठी-उर्दू मुलखात त्याच्याशी आपणहून तेलुगू बोलणारा गावकरी बहुतेक मी पहिलाच! त्यानं चष्मा पुसला, पुढं वाकला आणि प्रेमानं विचारलं, "मी व्यवसायम् एंता?"

'मी' म्हणजे तुमचं, एंता म्हणजे किती. आणि व्यवसायम्? अहो, व्यवसाय! धंदा! मी लगेच ओळखलं. साहेब पक्का आहे, तो काढून बघतोय की कासमभाईच्या धंद्यात आमची भागी आहे की काय.

"व्यवसायम् लेदु!" मी ठणकावलं.

साहेब दचकला. माझ्या धोतराकडं पाहिलं, मातीनं भरलेल्या पायांकडं पाहिलं. "असलु लेदा?"

"असलु लेदु!"

"मी ग्रामम्लो एवरिकी लेदा?"

ग्राम! गावात कुणाचा धंदा आहे का म्हणतोय. "ग्रामम् व्यवसायम् लेदु! असलु लेदु!"

मोटार खात्याच्या माणसानं तोंडावर रुमाल धरला. पेशकार माझ्याकडं असा बघायला लागला की मला वाटलं, जळतोय, आपलं काम गेलं म्हणून.

मग साहेबाची नजर गेली गिरजाबाईच्या टोपलीकडं. तो बुचकळ्यात पडून म्हणाला, "मरि ई वंकायलु एक्कडिवि?"

बाकीचं राहू द्या, वंकाया मला कळलं! वांगी कोणाला कळणार नाहीत? साहेबाला वांगी आवडलेली दिसतात. मी टोपली उचलली आणि सरळ त्याच्या टेबलावर ठेवली. "तीस्कोंडि!"

साहेब खुर्चीतून अर्धा उठला. त्याचा हळू आवाज एकदम चढला. "लंचमा?"

आता हा शब्द मला नवा होता. पण माणूस विचार करतो ना! वांगी पाहिली, मग पुढं काय विचारील? कुठून आणली, किती लांबून आणली. लंचम्, लांबम्. लांब आहे का, असंच विचारतोय!

"चाला!" मी दोन्ही हात पसरून म्हणालो. "चाला, चाला!"

पेशकारानं कपाळ धरलं. साहेब पुन्हा खुर्चीत बसला. मग त्याला बहुतेक माझी कीव आली. त्यानं खूण केली, शिपायानं टोपली नेऊन दाराबाहेर ठेवली. गिरजाबाई हळूच मला म्हणाली, "दत्तू, साहेब रागावला का रे?"

"रागावला नाई बाई. रस्ता इतका लांबचा हाये हे आईकून त्याले वाईट वाटलं."

मग साहेब खात्याच्या माणसाकडं वळला आणि म्हणाला, "समाधानम् चेप्पंडि."

समाधान! मी मागं वळून गावाकडं पाहिलं. ऐकलंत का? साहेब त्याला दरडावतोय, यांचं समाधान करा! पटेलांनी मान डोलावली. खात्याचा माणूस उठला आणि बोलायला लागला. रोड्डु, बस्सु, रोड्डु, बस्सु, एवढंच मला कळत होतं. पण तो इतका वेळ बोलत होता, की मला वाटलं, चांगलाच अडचणीत आलाय.

शेवटी साहेब पुन्हा माझ्याकडं वळला. राग गेला होता. आवाज पुन्हा मऊ.

"समाधानम् विन्नारु कदा? इंका एमैना अभ्यंतरम् उंदा?"

आता बघा. समाधान. आणि अभ्यंतर! हे दोन्ही शब्द मी कुठं ऐकलेले? कीर्तनात! अभ्यंतर म्हणजे माणसाचं अंतःकरण, आतलं मन. साहेब विचारतोय, "झालं का समाधान? अगदी अभ्यंतरातून झालं का?" काय देवमाणूस! मला एकदम भरून आलं. सरकारी हाकीम, परमुलखाचा, आणि आमच्या आतल्या मनाची चौकशी करतोय!

पण मी भुलणार नव्हतो. गोड बोलण्यावर गाव विकणारा मी नव्हे. समाधान झालेलं नाही म्हणजे नाही!

"लेदु!" मी छाती ठोकून ओरडलो. "अभ्यंतरम् लेदु! असलु लेदु!"

"लेदा?" साहेबाला आनंद झालेला दिसला.

"लेदु!" आणि मी मागं वळलो. "अरे, उभे काऊन राह्यले मुके सारके? म्हना ना सगळे, लेदु!"

गाव पेटलं. "लेदु! लेदु!" पटेल ओरडले, म्हातारे ओरडले, कचेरी दणाणली. आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, पदर खोचून, हात वर करून कोण ओरडलं? माझी गिरजाबाई! "लेदु! असलु लेदु!" तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. भाऊ म्हण म्हणाला, म्हणून ती म्हणाली.

साहेबानं आम्हाला हात जोडले. गावकऱ्यांना हाकीम हात जोडतो! त्यानं पेशकाराला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. पेशकारानं लिहिलं, टीपकागद दाबला, माझ्याकडं शेवटचं पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर मी काय सांगू? विजयी वीर! कासमभाईनं विचारलं, "क्या हुआ दत्तूभाई?" आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. साहेब कसा घाबरला, मी कसा ओरडलो, गाव कसं ओरडलं. कासमभाईचे डोळे पाणावले. त्यानं सगळ्यांना चहा पाजला, वर मिरचीची भजी. तीच वांगी त्यानं हॉटेलवाल्याला देऊन टाकली. येताना तामसीपासून गावापर्यंत हॉर्नवरचा हात एकदाही काढला नाही. चिंचेखाली बायकांनी मोटारीला ओवाळलं, आणि मोटारीनंतर मला.

त्या दिवशी गिरजाबाई पहिल्यांदा मला म्हणाली, "दत्तू, तू माह्या पोटाचं राखलं रे."

तुम्ही हसताय. मी पण कधी कधी हसतो. पण हे वाक्य आठवलं की हसू तिथंच थांबतं.

नंतर एक दिवस चिंचेखाली माणसं टोपल्या, बोचकी घेऊन उभी, आणि मोटार नाही. ऊन वर आलं तरी नाही. दुपारी कासमभाई आला, भाड्याच्या सायकलीवर. तो सायकलीवरून उतरला नाही, नुसता पाय टेकून उभा राहिला.

"बंद हो गई मोटर," तो म्हणाला. "नदी तक पूरा रोड सरकारी. हुकूम आ गया."

"अन् आमचा एतराज?" पटेल ओरडले.

"तुम्हारा एतराज?" कासमभाई माझ्याकडं वळला. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी थकल्या आवाजात बोलत होता. "दत्तूभाई, मैं पेशकार साब से पूछ के आया. अभ्यंतरम् मतलब एतराज. साब पूछे, और कुछ एतराज है क्या? तुम बोले, नहीं. असलु नहीं. पूरे गाँव से बुलवाए, नहीं."

मी त्याच्या सायकलीचं हँडल धरलं.

"अन्... समाधानम्?"

"समाधानम् मतलब जवाब. वो मोटर खाते वाले का जवाब."

"अन् व्यवसायम्?"

"खेती. तुम बोले, हमारे गाँव में किसी को खेतीच नहीं. खेती नहीं तो माल काय का? माल नहीं तो मोटर काय को?"

मी तोंड उघडलं. लंचम्चं विचारावं की नाही?

"वो मत पूछो," कासमभाई म्हणाला. "लंचम् बोले तो रिश्वत. साब पूछे, खेती नहीं तो ये बैंगन कहाँ के, और तुम टोकरीच टेबल पे रख दिए. साब शरीफ था, छोड़ दिया."

गावानं शिव्या दिल्या असत्या, चार लोक अंगावर धावून आले असते, तर मी गुपचूप मार खाल्ला असता. पण लोक खाली बघून आपापली बोचकी उचलायला लागले. सगळेच ओरडले होते ना! मला बोलायचं म्हणजे स्वतःलाच बोलायचं. पटेलांनी तेवढं विचारलं, "पुन्हा एतराज नाई करता येत का?" कासमभाई म्हणाला, एकदा नाही म्हटलेलं पुन्हा हो होत नाही. तो काही दिवसांनी मोटार मोडीत विकून बेल्लमपल्लीला गेला, कोळशाच्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून. स्वतःच्या मोटारीचा मालक दुसऱ्याच्या लॉरीवर नोकर झाला.

गिरजाबाई मात्र त्या दिवशी एवढंच म्हणाली, "उद्यापासून पायटीच निंगा लागन."

आणि ती निघाली, पहाटेच. डोक्यावर टोपली घेऊन तामसीपर्यंत पायी. दुसरी टोपली माझ्या डोक्यावर. वाटेत मी काही बोलायला गेलो की ती म्हणायची, "चाल, सरकारी मोटार सुटन." तामसीला पोचेपर्यंत मेथी मान टाकायची. सरकारी मोटारीचा कंडक्टर टोपल्या टपावर घेईना. एक घेईन म्हणायचा, दोन नाही. त्याच्याशी हुज्जत घालायला मी तोंड उघडलं की गिरजाबाई माझा सदरा धरून मला मागं ओढायची. "तू नको बोलू!" म्हणायची. आदिलाबादला पोचेपर्यंत बाजार अर्धा उठलेला असायचा. वांगी तशीच परत यायची, आणि आम्ही घरी तीच खायचो. माझी बायको ती शिजवायची. गिरजाबाई ताटावर बसली की आधी भाजी घ्यायची, मग भाकरी. पुढं पुढं भाकरी अर्धीच घ्यायला लागली. मला ते दिसत होतं. काय बोलणार? कुठल्या भाषेत?

पावसाळ्यात ओढा भरला आणि जाणंच थांबलं. त्या दिवसांत गिरजाबाई नदीकडं फिरकलीसुद्धा नाही. ओढा उतरला तशी तिनं आपलं बोचकं बांधलं. मावल्याला, म्हणजे आदिलाबादला लागूनच, कुणाचा तरी मळा बटईनं मिळत होता. मळ्यात एक खोपटी होती. बाजार तिथून जवळ.

"बाई, घरी भाकरीले कमी हाये का?" मी म्हणालो.

"भाकरीले कमी नाई रे," ती म्हणाली. "माह्या हातची नाई ना."

गेली. उतारवयात, एकटी, परक्याच्या मळ्यात. आणि मी सांगतो तुम्हाला, त्या दिवशी मी चिंचेखाली उभा राहून लहान पोरासारखा रडलो. सरकारला शिव्या द्याव्यात तर सरकारनं मला विचारलं होतं. चांगल्या शब्दांत, दोनदा विचारलं होतं.

वर्ष उलटल्यावर दिवाळीच्या आधी मी तिला आणायला मावल्याला गेलो. मनात पक्कं ठरवून गेलो होतो की या वेळी अशा शब्दांत बोलायचं की दगडाला पाझर फुटावा. ती वाफ्यात बसून निंदत होती. काळी पडली होती, वाळली होती, पण मान ताठ. मला पाहून हसली, गुळाचा चहा केला. मी तिचे हात धरले. म्हणालो, "बाई, झालं गेलं इसर. माह्याकून चूक झाली. पन तू घरी चाल. तुज्याबिगर घर खायाले उठते. माह्या अभ्यंतरातून सांगून राह्यलो बाई, चाल घरी!"

गिरजाबाईनं हात सोडवून घेतले, खुरपं उचललं आणि माझ्याकडं नीट बघून म्हणाली,

"थांब जराक. तू 'चाल' म्हनून राह्यला का 'नको येऊ' म्हनून राह्यला, हे पयले कोन्या समजदार मानसाले इचारा लागन मले."